मी न पाहिलेलं अर्धं स्वप्न

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. टाळण्यासाठी मला कधी नवं खोटं बोलावं लागलं नाही, हेच त्यातलं वाईट. जे खोटं बोलायचं होतं ते मी आधीच, प्रार्थनाघरात, सगळ्या मंडळीसमोर उभा राहून बोललो होतो. त्यानंतर कुणी विचारलं तर तेच पुन्हा सांगायचं आणि एरवी गप्प बसायचं होतं, आणि लोक माझ्या गप्प बसण्याला नम्रपणा म्हणत होते.

आता वय झालं आहे. जेवण झालं की मी अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून ताठ बसतो. सून म्हणते, "मामा, आत पंख्याखाली पडा ना घटकाभर." मी नको म्हणतो. तिला वाटतं म्हातारपणी माणूस हट्टी होतो. मला दुपारच्या झोपेची भीती वाटते, हे तिला कसं सांगू?

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, डोंगरकडा गावाच्या रस्त्यापासून आत. हळदीचा आणि केळीचा मुलूख. गावाच्या एका कडेला आमची ख्रिस्ती घरं, मोजकीच. माझ्या आजोबांच्या काळात ती ख्रिस्ती झाली. गावातले लोक आम्हाला येशूवाले म्हणायचे, कधी चेष्टेनं, कधी नुसतंच. प्रार्थनाघर म्हणजे मातीच्या भिंतींची लांब खोली, वर पत्रे. पाळकसाहेब नांदेडहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी उपासना चालवायची ती मंडळीतल्या वडिलांनी. आमच्यात मंडळीनं नेमलेल्या जाणत्या माणसाला 'वडील' म्हणतात. ते काम माझ्याकडे होतं.

उपासनेत थोडा वेळ साक्षीचा असतो. ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा नवरा दारू सोडून घरी आलेला असतो. कुठंही लिहिलेला नाही, पण साक्षीला एक नियम होता. ती रडत सुरू झाली तरी चालायची. संपताना मात्र तिच्यात देवाचा विजय दिसला पाहिजे. कारण शेवटी सगळ्यांना 'हालेलूया' म्हणायचं असतं, आणि ते म्हणता आलं पाहिजे. एकदा एकजण "माझी म्हैस मेली" एवढंच सांगून खाली बसला. खोलीत सगळे अवघडले. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पण परभूनं वगार वाचवली की न्हाई?" तो म्हणाला, "वाचवली." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून हालेलूया म्हटलं. त्या माणसाच्या म्हशीला वगार काय, कुठलंच रेडकू नव्हतं, हे त्यानं मला नंतर बाहेर चप्पल घालता घालता सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो.

स्वप्नाचा मान मला मिळाला तो पत्र्यांमुळे. प्रार्थनाघराचे पत्रे उडून जात आहेत असं मला स्वप्नात दिसलं. मी ते रविवारी सांगितलं, आणि पुढची उपासना आम्ही अंगणात घेतली. त्याच आठवड्यात वावटळ आली आणि खरोखर पत्रे उडाले. आत कुणी नव्हतं. पण तेव्हापासून माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. शास्त्रात देव स्वप्नातून माणसांशी बोलल्याच्या गोष्टी आहेत, त्या आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. आता तसं बोलणं आपल्या गावात, हळद शिजवायच्या कुकरवर राबणाऱ्या माणसाशी होतं, याचा लोकांना आनंद होता. पत्र्यांचे नट ढिले झालेले मी आधीच शिडीवर चढून पाहिले होते आणि घट्ट करायचा कंटाळा केला होता. ही गोष्ट मी साक्षीत सांगितली नाही. ती सांगायला जागाच नव्हती.

त्यानंतर लोक येऊन विचारायचे. पोरीचं इथं जमवू का, पोराला पुण्याला पाठवू का. मी प्रार्थना करायचो, कधी काही दिसायचं, कधी नाही. दिसलं तर सांगायचो. खरं सांगायचं तर मला त्या मानाची भीतीच वाटायची. पण ती भीती गोड होती. खरी भीती मला तेव्हा माहीत नव्हती.

माझ्या बायकोची धाकटी बहीण आमच्याच गावात दिलेली. माझं लग्न झालं तेव्हा ती परकरातली पोर होती, आणि तेव्हापासून माझी थट्टा करण्याचा हक्क तिनं कधी सोडला नाही. तिला लहानपणापासून फेफरं यायचं. वसमतच्या डॉक्टरनं गोळ्या लावून दिल्या होत्या. गोळी चुकली नाही तर झटका यायचा नाही. गोळ्यांची पट्टी ती पदराच्या गाठीत बांधून फिरायची. "लोकायच्या बायकायच्या कमरंला किल्ल्या असत्यात," म्हणायची, "माझ्या पदराला हे!"

तिचं एक दुःख होतं. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आमच्या मंडळीत डोक्यावर पाणी शिंपडलेलं चालत नाही. वाहत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढावं लागतं. आमच्याकडे वाहतं पाणी म्हणजे कॅनॉल. कॅनॉलला पाणी सुटलं की पाळकसाहेब बाप्तिस्म्याचा रविवार ठरवायचे. दर वेळी तिचं नाव निघायचं आणि दर वेळी ते म्हणायचे, "ताई, पाण्यात झटका आला तर? पुढच्या वेळी बघू." मागं काहीजण याहून वाईट कुजबुजायचे, की फेफरं म्हणजे अंगात काहीतरी आहे, ते आधी जायला पाहिजे.

बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनही, म्हणजे उपासनेत वाटतात तो भाकरीचा पवित्र तुकडाही, नाही. भाकरीचं ताट चटईवरून हातोहात पुढं सरकायचं. तिच्याकडे आलं की ती दोन्ही हातांनी धरायची आणि काही न घेता शेजारणीकडे द्यायची. मी समोर उभा असायचो. ताट देताना ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची.

एकदा उपासना संपल्यावर तिनं मला अडवलं. "दाजी, सगळ्यायसाठी तुमाला सपान पडतंय. त्या केळीवाल्याच्या बोअरसाठी पडलं. माझ्यासाठीच काहून न्हाई? मी काय सावत्र हाव का परभूची?"

मी म्हणालो, "मागून सपान पडत असतं का?"

"मग झोपा जरा जास्ती," ती म्हणाली. "न्हाईतरी अक्का म्हणती, तुमी घोरायलाच जल्मलाव."

सगळ्या बायका हसल्या. तीही हसली, पण डोळे हसले नाहीत.

हळदीचा हंगाम होता. हळद काढल्यावर ती वाफेवर शिजवावी लागते. ट्रॅक्टरमागं ओढत नेतात तो मोठा कुकर असतो. त्याच्याखालची आग सांभाळणं माझं काम. तांबडं फुटायच्या आत सुरुवात करायची आणि ऊन चढलं की घरी येऊन झोपायचं. अशाच एका दुपारी मला ते दिसलं.

कॅनॉल भरून वाहत होता. ती पांढरं लुगडं नेसून काठावर उभी होती. तिनं पदराची गाठ सोडली, गोळ्यांची पट्टी काढली आणि पाण्यात टाकली. मग ती पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं. ती थांबली नाही. पाणी तिच्या डोक्यावरून मिटलं. मी वाट पाहत राहिलो. पाणी वाहत राहिलं. मला हाक मारायची होती आणि तोंड उघडत नव्हतं. मग मला जाग आली. अंग घामानं भिजलं होतं, आणि छातीवर कुणी बसून उठून गेल्यासारखं वाटत होतं.

बायको तिथंच गहू निवडत बसली होती. मी तिला जसं दिसलं तसं सगळं सांगितलं.

"मंग पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं काही न्हाई. जाग आली."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "दुपारच्या झोपेतलं सपान धरायचं नसतंय म्हणत्यात. दुपारी प्वाट बोलतंय." आणि पुन्हा गहू निवडायला लागली. पण ती भ्यालेली होती. तिनं तो गहू पहिल्यापासून पुन्हा निवडला.

मी तेव्हाच गप्प बसलो असतो तर एवढंच झालं असतं, की एका दुपारी मी घाबरून उठलो.

रविवार आला. पाळकसाहेब आलेले होते, प्रभुभोजन होतं. ताट निघालं, तिच्या हातात आलं, पुढं गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर साक्षीची वेळ आली आणि मी उभा राहिलो. मी आधी काही ठरवलं नव्हतं. ही सबब म्हणून सांगत नाही. मला तिला एवढंच द्यायचं होतं, की तुझ्यासाठीही काही दिसलं आहे, तू सावत्र नाहीस.

मी कॅनॉल सांगितला. पांढरं लुगडं सांगितलं. गोळ्या पाण्यात सोडल्या ते सांगितलं, आणि खोलीत कुणीतरी "परभू, परभू" म्हणू लागलं. ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती. पाणी डोक्यावरून मिटलं, इथं मी येऊन पोचलो आणि थांबलो.

सगळे पुढं झुकले होते. म्हशीची साक्ष अडली होती तसंच हे अडलं होतं. पुढं काही नसेल तर हालेलूया कशाला म्हणायचं? कुणी मदतीला जोडून देणार नव्हतं, कारण स्वप्न माझं होतं. मग मी म्हणालो, "आणि ती पाण्यातून वर आली. हसत हसत वर आली."

प्रार्थनाघर दणाणलं. बायका रडायला लागल्या. तिनं पदर तोंडाला लावला. मी खाली बसलो. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रभूनं दार उघडलं. आता मी अडवणारा कोण?"

घरी जाताना बायकोनं विचारलं, "हसत वर आलेली कवा बघितली?"

"नंतर आठवलं," मी म्हणालो.

ती माझ्या चार पावलं मागून चालत होती.

दुसऱ्या दिवशी मेहुणीनं गोळ्या सोडल्या. स्वप्नात सोडल्या होत्या तशा पाण्यात नाही, चुलीत टाकल्या. माझा साडू, म्हणजे तिचा नवरा, आमच्याच कुकरचा ट्रॅक्टर चालवायचा. तो उपासनेला फार यायचा नाही. आला तर दाराजवळ बसायचा. तो कुकरजवळ माझ्याकडे आला आणि उकिडवा बसला.

"दादा, ती गोळ्या घेईना गेली. डाक्टरला इचारलं तर पाहिजे ना?"

मी आगीत लाकूड सारत राहिलो.

"तुमी एक डाव तोंडानं सांगा," तो म्हणाला. "सोडू का गोळ्या? तुमी व्हय म्हणा, मी गप बसतो. न्हाई म्हणा, मी तिला जबरीनं देतो. तुमचं ऐकंल ती."

यापेक्षा सोपं कुणी करून देऊ शकत नव्हतं. एक 'नाही' पुरे होतं. आणि मी काय म्हणालो? "मी कोण सांगणार? परभूनं दाखवलं ते मी सांगितलं."

तो उठला, पँटची माती झटकली आणि ट्रॅक्टरकडे गेला. ते वाक्य मी प्रार्थनाघरातल्या वाक्यापेक्षाही जास्त वेळा आठवतो. तिथं माझ्यावर सगळ्यांचे डोळे होते. इथं दोघंच होतो, आणि मी विचार करून बोललो होतो.

त्यानंतर कॅनॉलला पाणी सुटेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिला झटका आला नाही. रोज संध्याकाळी बायको बहिणीकडून आली की मी तिचा चेहरा बघायचो. ती "बरी हाय" म्हणायची. मंडळी म्हणू लागली की ती बरी झाली. मी मनात म्हणायचो, कदाचित खरंच असेल. कदाचित ती हसत वर आलेली मी खरंच पाहिली असेल आणि विसरलो असेन. माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो.

पण एका दुपारी ती साडूची आणि माझी भाकरी घेऊन शेतात आली. ताकाचा डबा माझ्यापुढं करताना तिचा हात एकदम उडाला. डबा लांब जाऊन पडला, ताक मातीत गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं काय पाहिलं असेल माझ्या तोंडावर, कुणास ठाऊक. लगेच म्हणाली, "काही न्हाई दाजी, हात सुटला. असं तोंड काहून केलंत? ताकासाठी का?"

मी हसलो. साडू ट्रॅक्टरवर होता, त्यानं पाहिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही.

बाप्तिस्म्याच्या रविवारी कॅनॉल काठोकाठ वाहत होता. पुलाजवळ बायका धुणं धुतात तिथं पायऱ्या आहेत. बाकी दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार, शेवाळानं गुळगुळीत. आडवा दोर बांधला होता. पाळकसाहेब एका बाजूला आणि मंडळीतला वडील म्हणून मी दुसऱ्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. काठावर लोक गाणी म्हणत होते. रस्त्यानं जाणारे शेतकरी मोटारसायकली थांबवून बघत होते. एकजण ओरडला, "ओ येशूवाले, मोटरी चालू हायत, जास्त पाणी पिऊ नका!" आमचे लोकही हसले.

मी हसू शकलो नाही. सगळं तसंच होतं. तेच पाणी, तेच पांढरं लुगडं. पायऱ्या उतरताना तिनं पदर सावरला, आणि जिथं गाठ असायची तिथं तिचा हात सवयीनं गेला आणि रिकामा परत आला. मला वाटलं, आता ओरडावं. थांबवा म्हणावं. तोंड उघडलं नाही. स्वप्नातही उघडलं नव्हतं.

ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. गार पाण्यानं दातावर दात वाजत होते. हळूच म्हणाली, "दाजी, घट धरा बरं. न्हाईतर अक्काला काय सांगताल?"

पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले आणि आम्ही तिला मागं टेकवून पाण्याखाली नेलं. उचलायला गेलो तर ती लाकडासारखी ताठ झाली होती. मग ते लाकूड हलायला लागलं. पाळकसाहेब घसरले. तिचा दंड माझ्या मुठीत होता. ओल्या कापडावरून मूठ सरकली, मनगटापर्यंत सरकली, आणि मग मुठीत काही उरलं नाही. ती दोराखालून पुढं गेली. पाणी तिच्यावरून मिटलं.

माझा साडू काठावर गाणी म्हणणाऱ्यांत नव्हता. दोराच्या पलीकडे, पाणी जिकडं वाहतं तिकडं, तो कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं. तो तसा कधीपासून उभा होता, हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानं तिला धरलं आणि बाहेर आणलं. ती हसत नव्हती. तोंडातून फेस आणि पाणी येत होतं. नांदेडला नेईपर्यंत जीपमध्ये झटके थांबले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि पहिला प्रश्न केला, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

भिंतीशी आम्ही तिघं होतो, साडू, मी आणि माझी बायको. साडूनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आमीच," तो म्हणाला.

ती वाचली. पण उजवा हात आणि पाय कायमचे लुळे पडले, आणि बोलणं जड झालं. एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलायची. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. साडू स्वतःच्या हातानं द्यायचा. मी भेटायला गेलो तो मनाशी ठरवून, की पाया पडायचं आणि सांगून टाकायचं. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "दाजी... आले ना... वर? तुमाला... दिसलं तसं."

पाया पडायला वाकलेला मी तिची चादर सारखी करून मागं सरलो.

ती पुढं म्हणाली, हसायचं तेवढं राहिलं. विश्वास जरा कमी पडला असेल तिचा. तेही होईल.

नंतरच्या प्रभुभोजनाला साडूनं तिला उचलून प्रार्थनाघरात आणलं. पाण्याखाली जाण्याआधी शब्द पूर्ण झाले होते, म्हणून पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा धरला. ताट तिच्यापाशी आलं. तिनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा घेतला आणि रडली. आता मी काय सांगणार होतो? ते स्वप्न खोटं होतं असं म्हटलं असतं, तर तो तुकडाही तिच्या हातातून मी काढून घेतला असता. निदान मी स्वतःला तसं सांगायचो. खरं म्हणजे मला मंडळीची भीती होती, साडूची भीती होती आणि सगळ्यात जास्त माझ्या बायकोची. तिनं त्या काळात एकदाच विषय काढला. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमाला नंतर आठवलं, म्हणून मी गप बसले. न्हाईतर मी तिला पाण्यात उतरू दिली नसती." नळ चालू होता. तिनं तो बंद केला, आणि मी उत्तर देत नाही असं पाहून पुन्हा चालू केला.

मंडळीत मात्र माझा मान वाढला. प्रभूनं दाखवलं, ती बुडाली आणि वर आली, अशी साक्ष झाली. दुसऱ्या गावच्या सभांना मला बोलवायचे. मी कमी बोलायचो, पण ते स्वप्न सांगायला लावायचे, आणि मी सांगायचो. शेवटासकट.

रात्र झाली की मला एकच हिशेब सुटायचा नाही. ते स्वप्न देवानं दाखवलं असेल, तर ते मला सावध करायला होतं. तिला पाण्यापासून लांब ठेव, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि मी त्याला शेपूट जोडून तिला पाण्यात बोलावलं. आणि देवानं दाखवलं नसेल, दमल्या अंगाची आणि भरल्या पोटाचीच ती झोप असेल, तर मग पत्र्यांपासून आजवर मी लोकांना काय सांगत होतो? दोन्हींकडून भीतीच यायची. मी देवाला विचारायचो आणि झोपेत उत्तर येईल म्हणून झोपायला घाबरायचो.

गेल्या काही वर्षांत सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. कुठल्या तरी सभेत कुणीतरी माझी साक्ष रेकॉर्ड केली, आणि ती फिरायला लागली. मला ते माहीत नव्हतं. वसमतच्या बसस्थानकावर मी कळमनुरीच्या गाडीची वाट बघत होतो. एक बाई लेकराला कडेवर घेऊन जवळ आली. ओळखीची नव्हती. "काका, तुमीच ना ते सपनवाले?" म्हणाली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यातून माझाच आवाज आला. "हसत हसत वर आली." आणि मागून हालेलूयाचा गजर.

"माझ्या लेकराला बी फेफरं येतंय," ती म्हणाली. "त्याच्या गोळ्या सोडू का? तुमच्या साक्षीवर माझा लई इश्वास हाय."

मी म्हणालो, "न्हाई. गोळ्या सोडू नको. अजिबात सोडू नको."

"पण तुमीच तर सांगितलं..."

"बाई, मी सांगतो ना, सोडू नको! डॉक्टर म्हणतील तसं कर."

माझा आवाज चढला असावा. लोक बघायला लागले. ती घाबरून मागं सरली. तेवढ्यात तिची गाडी लागली, आणि ती धावत गेली. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला की मोबाईलमधल्या माझ्यावर, हे मला आजही माहीत नाही. ते लेकरू तिच्या खांद्यावरून मागं माझ्याकडे बघत होतं. हे लिहायला मला बसवलं ते त्याच्या त्या बघण्यानं. कुणी ही साक्ष ऐकली असेल तर त्यानं हेही वाचावं, आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. गाडीतून उतरून तडक मेहुणीकडे गेलो. ती अंथरुणाला खिळली होती; छातीत कफ साठला होता आणि डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हटलं होतं. साडू तिच्या पायाला तेल चोळत होता. मला पाहून उठला आणि चहा टाकायला आत गेला. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. गाडीत मी ती ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली होती. शेजारच्या माणसानं दोनदा वळून बघितलं होतं.

मी खाटेजवळ खाली बसलो. म्हणालो, "पोरी, मला एक सांगायचं हाय."

तिनं डावा हात उचलून मला थांबवलं. डोळे लकाकले, परकरातल्या पोरीसारखे. "आधी... माझं," ती म्हणाली. "भेव वाटाय लागलंय... दाजी. ते सांगा ना. सपान. मी... हसत येते... ते."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मग मी सांगितलं. कॅनॉल सांगितला, पांढरं लुगडं सांगितलं, पाणी डोक्यावरून मिटलं ते सांगितलं. आणि ती हसत वर आली तेही सांगितलं. तिनं डोळे मिटले. तिच्या तोंडाची डावी बाजू जराशी वर उचलली गेली. साडू चहा घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बरं केलंत दादा, आलात ते."

मी उद्या येतो म्हणून निघालो. तिचा उद्या झाला नाही.

गाडीत जुळवलेली वाक्यं अजून माझ्याजवळ तशीच आहेत. पोरी, सपनात तू पाण्यात गेलीस, तेवढंच मी पाहिलं. वर आलेली न्हाई पाहिली. हसताना न्हाई पाहिली. ते मी जोडलं. तुझा विश्वास कुठंच कमी पडला न्हाई. मला माफ कर.